पॅनलचा ताप

भावना सिरसाटनं त्या मे महिन्यात संगणकाला जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या उभ्या जन्मात कुणाला घातल्या नसतील; आणि त्यातली एकही त्याला लागली नाही. अमरावतीच्या ज्या इंजिनीअरिंग कॉलेजात ती पीएचडी करत होती, तिथल्या प्रयोगशाळेत दोन पंखे होते. एक फिरायचा नाही, दुसरा फिरायचा पण वारा द्यायचा नाही. अशा खोलीत बसून ती तीन वर्षं एकाच प्रश्नाशी झटत होती: उन्हात सोलर पॅनल किती तापतं, आणि ती उष्णता जाते कुठं.

प्रश्न ऐकायला सोपा आहे. उन्हात ठेवलेली वस्तू तापते हे वऱ्हाडातल्या माणसाला शिकवायला पीएचडी लागत नाही. पण पॅनल जितकं तापतं तितकी त्याची वीज कमी होते, आणि आपल्याकडे ऊन उतू जात असूनही पॅनलं कागदावर लिहिलंय तेवढी वीज देत नाहीत ती त्यामुळेच. म्हणून भावनानं संगणकात एक पॅनल उभं केलं होतं आणि त्याच्याभोवती हवेचा एक चौकोनी डबा. डब्यातली हवा कशी वाहते, कुठं तापते, कुठं निवते, हे संगणक इमानेइतबारे काढून द्यायचा. पण डब्याच्या बाहेर काय आहे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसतं. ते आपण सांगायचं. वर आभाळ आहे, ते इतकं गार. खाली स्लॅब आहे, तो इतका तापलेला. पॅनलची काच आपली उष्णता इतक्या मोकळ्या हातानं आभाळाकडे टाकते. याला बाउंड्री कंडिशन म्हणतात, म्हणजे काठावरच्या अटी. काठावर खोटं सांगितलं की आतलं गणित कितीही चोख असो, उत्तर खोटंच येणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येईल?

आणि भावनाचं उत्तर जुळत नव्हतं. दुपारची सरासरी काढली की संगणकातलं पॅनल खऱ्या पॅनलपेक्षा कायम जास्त तापलेलं निघायचं. थोडंथोडकं नाही, चांगलं सात-आठ अंशांनी.

खरं पॅनल अकोल्याला होतं, कौलखेडात, तिच्या आईच्या घराच्या गच्चीवर. ते तिथं जायचं कारण म्हणजे वानरं. आधी ते कॉलेजच्या गच्चीवरच बसवलं होतं. वानरांनी पहिल्या आठवड्यात त्यावर घसरगुंडी केली आणि दुसऱ्या आठवड्यात तापमान मोजणाऱ्या तारा चघळून टाकल्या. कॉलेजनं नव्या तारा घ्यायला नकार दिला आणि वानरांना गच्ची दिली. मग उरलेल्या तारा घेऊन भावनानं सगळं बिऱ्हाड अकोल्याला हलवलं. तारा कमी होत्या, त्या सगळ्या पॅनललाच लावल्या. खालच्या स्लॅबसाठी एकही उरली नाही. स्लॅबचं तापमान ती दर रविवारी घरी गेली की हातातल्या तापमापकानं दिवसभर मोजायची, आणि तेच आकडे आठवडाभर धरायची. स्लॅब काय, रविवारी तापतो तसाच बुधवारी तापणार. त्याला काय वार कळतो?

तिचे गाइड डॉ. चंद्रभान गावंडे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं तसं वाटायची शक्यता आहे. त्यांचा एकच आवडता शब्द होता: जुळवा. कॉलेजबाहेर ते समाजाच्या वधूवर मेळाव्याचे कार्यवाह होते आणि निम्म्या जिल्ह्याच्या सोयरिकी त्यांनी जुळवल्या होत्या. त्यामुळे जगातली कुठलीही दोन माणसं, कुठलेही दोन आलेख, जरा इकडचं तिकडं केलं की जुळतात, अशी त्यांची श्रद्धा होती.

काच किती मोकळ्या हातानं उष्णता टाकते, त्याचा एक आकडा असतो. तो शून्य आणि एकच्या मध्ये. एक म्हणजे टाकण्याजोगं जेवढं आहे तेवढं सगळं टाकलं. एकच्या वर जाणं म्हणजे हंड्यात आहे त्याहून जास्त पाणी ओतणं. सरांनी एके दुपारी भावनाची खुर्ची घेतली, तो आकडा पॉइंट पंच्याऐंशीवरून एक पॉइंट तीन केला, सॉफ्टवेअरनं दाखवलेली पिवळी सूचना बंद केली, आणि दोन रेषा एकमेकींवर बसल्यावर सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"हे पाय. जुळलं."

भावनानं सांगितलं की सर, हा आकडा एकच्या वर जाऊच शकत नाही, निसर्गात असं होत नाही.

"छत्तीसच्या छत्तीस गुण कोणाचे जुळते वं? अठरा जुळले का बार उडवून द्याचा. संसार होते बरोबर."

आमच्यात गुण बघतच नाहीत सर, असं ती म्हणाली. सर हसले आणि चहाला गेले. ती तिथंच बसून राहिली. तिला इतकी चीड आली होती की तिनं तो न फिरणारा पंखा उगाच चालू केला आणि उगाच बंद केला.

चीड येण्यासारखंच होतं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिचं प्रबंधाआधीचं सेमिनार होतं. बाहेरून तज्ज्ञ यायचे होते. तिथं हे टिकलं नाही तर पुढचा उन्हाळा गाठावा लागणार, कारण पॅनल तापायला उन्हाळाच लागतो. म्हणजे अख्खं आणखी एक वर्ष. शिष्यवृत्ती मार्चमध्येच संपली होती, आणि अमरावतीच्या खोलीचं भाडं आईच्या पेन्शनीतून जात होतं. आई त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हती, हे आणखी वाईट.

आई म्हणजे जाईबाई. अकोटकडच्या एका आरोग्य केंद्रात जन्मभर नर्स म्हणून काढलेली बाई. निवृत्त झाली तरी गल्लीतल्या लेकरांना खोकला झाला की आधी तिच्याकडे आणायचे, मग डॉक्टरकडे. नवरा गेल्यापासून घरात एकटी, आणि गेल्या वर्षापासून गच्चीवरच्या पॅनलबरोबर दुकटी. पॅनल बसवलं त्या दिवशी भावनानं तिला बजावून ठेवलं होतं, पॅनलले हात लावायचा नाही. पुसायचं नाही, झाकायचं नाही, त्याच्यावर कुरड्या वाळवायच्या नाहीत. जाईबाईंनी मान डोलावली. दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलेलं जसं पाळायच्या, तसं त्या हे पाळत होत्या.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा. जाईबाई विचारायच्या, पॅनल कसं आहे? जसं काही गावाला गेलेलं नातवंडच. आणि भावना, दिवसभराची कावलेली, तेच उत्तर द्यायची. डोक्याला ताप झालाय. लय तापून राहिलं माय. ते तापते म्हणून तर सगळी बोंब आहे. ते जरा थंड कसं राहील, तीच तर माझी पीएचडी.

"लय तापते का?" जाईबाई विचारायच्या.

"लय," भावना म्हणायची, आणि मग दोघी भाजी काय केली यावर यायच्या.

मे अर्धा सरला तेव्हा एके दिवशी कंटाळून भावनानं आलेखातला एकेक दिवस वेगळ्या रंगात काढला. काम नव्हतं म्हणून केलेलं काम. आणि तिला दिसलं की सगळे दिवस बिघडलेले नाहीत. काही दिवस तिचा प्रामाणिक पॉइंट पंच्याऐंशीचा आकडा खऱ्या पॅनलवर अगदी चपखल बसत होता. तिनं तारखा पाहिल्या, कॅलेंडर पाहिलं. सगळे रविवार होते.

आधी तिला आनंद झाला आणि मग त्याच्या दुप्पट संताप आला. चूक असेल तर रोज असावी. पण रविवारी बरोबर आणि सोमवार ते शनिवार चूक, म्हणजे काय? आभाळाला कसं कळतं आज रविवार आहे म्हणून? ते सुट्टी घेतं का? आणि बिघडलेल्या प्रत्येक दिवशी गंमत तीच. सकाळभर दोन्ही रेषा गळ्यात गळा घालून चालायच्या, आणि दुपारी जेवणवेळेनंतर खऱ्या पॅनलची रेषा दचकल्यासारखी खाली यायची. तास-दोन तास खालीच राहायची आणि मग हळूहळू वर. मधेच पुन्हा एकदा खाली.

सरांना दाखवल्यावर ते खुर्चीतून उठलेच. अकोल्याच्या दालमिला! आठवडाभर डाळीची धूळ उडते, ती हवेत राहते, ऊन अडवते, म्हणून पॅनल गार. रविवारी मिला बंद, धूळ बंद, पॅनल गरम. भावनानं सांगितलं की ऊन मोजायचं यंत्र पॅनलच्या शेजारीच आहे आणि त्याला रविवारचं आणि बुधवारचं ऊन सारखंच दिसतंय. सर म्हणाले, त्या यंत्रावरही धूळ बसत असेल. धूळ बसली असती तर यंत्रानं ऊन कमी दाखवलं असतं, सारखं नाही, असं ती म्हणेपर्यंत सरांनी इंदूरच्या एका परिषदेला निबंधाचा गोषवारा पाठवूनसुद्धा दिला होता. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'रविवार परिणाम'. निबंधात स्वतःचं नाव पहिलं, तिचं दुसरं.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आता तिला स्वतःचं गणित तर सोडवायचं होतंच, वर सरांचं घोडंही सांभाळायचं होतं.

बुधवारी सकाळी ती कुणाला न सांगता एसटीत बसली. मूर्तिजापूरपर्यंत उभी होती, पुढं खिडकीची जागा मिळाली, पण खिडकीतून येणारी हवा अशी होती की खिडकी मिळाली नसती तर बरं झालं असतं. अकोल्याला उतरली तेव्हा रस्त्यावर माणूस नव्हतं. ऑटोवाल्यानं कौलखेडला यायला आढेवेढे घेतले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत आई नव्हती. जिन्याच्या पहिल्या पायरीशी तिच्या चपला काढून ठेवलेल्या दिसल्या.

भावना वर गेली. दुपारी दीडचं ऊन, स्लॅबवर पाय टेकवत नव्हता. आणि त्या भट्टीत जाईबाई ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून, गुडघ्याखाली गोणपाटाची घडी घेऊन पॅनलसमोर बसल्या होत्या. शेजारी बकेट. बकेटीत भिजवलेली बारदानं त्या एकेक करून पिळत होत्या आणि कपडे वाळवायच्या काठीनं पॅनलच्या खाली सरकवत होत्या. पॅनलच्या खालचा सगळा स्लॅब ओल्या बारदानांनी झाकला होता. काम झाल्यावर त्यांनी हाताची मागची बाजू पॅनलच्या कडेशी नेली, टेकवली मात्र नाही, आणि लेकराचा ताप बघतात तशी क्षणभर तिथं धरून ठेवली.

भावनाच्या डोक्यात त्या क्षणी सगळं जुळलं. स्लॅब पासष्ट अंशांवर तापलाय असं तिनं संगणकाला सांगितलं होतं. तापलेला स्लॅब खालून पॅनलला भाजतोय, हे तिच्या सगळ्या गणिताच्या मुळाशी होतं. आणि इथं स्लॅबवर ओलं बारदान होतं, माठाइतकं गार. पॅनलला खालून आच लागतच नव्हती. ती तिकडं आभाळाचे आकडे उगाळत बसली होती आणि काठ बदलला होता खालचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. रविवारी ती घरी असायची, म्हणून रविवारी बारदानं नसायची.

"आई, काय करून राहिली तू हे?"

जाईबाई दचकल्या, पण काठी हातातून सुटू दिली नाही.

"तू म्हणे हात लावू नोको. म्या हात नाई लावला," त्या म्हणाल्या. "काडीनं सरकोलं सगळं. इचार काडीले."

"पण कायले?"

"ताप हाय ना त्याले. रोज तूच त सांगे, लय तापते, लय तापते. म्या तापाच्या लेकराइले जन्मभर पट्ट्या ठिवल्या. डॉक्टर येऊस्तोवर पट्ट्या त ठिवा लागते ना वं. नाई त डोक्यात जाते ताप."

यावर हसावं की डोकं आपटून घ्यावं हे कळायला थोडं डोकं शिल्लक लागतं. भावनाचं तेवढंही शिल्लक नव्हतं. ती बोलायला लागली आणि तिचं तिलाच थांबवता येईना. पॅनल म्हणजे पेशंट नाही, त्याचा ताप उतरवायचा नाही, तो मोजायचा आहे. मार्चपासूनचे सगळे आकडे नासले. वर्ष गेलं. सर तिकडं धुळीवर निबंध लिहीत आहेत, ती स्वतः वेड्यासारखी आभाळ तपासत होती. विचारायचं तरी होतं एकदा, फोन रोज होतो. आणि शेवटी ती म्हणाली, "पाणी फिरवलं तू माझ्या पीएचडीवर."

जाईबाईंनी बकेटीकडे पाहिलं. तळाशी थोडं पाणी उरलं होतं.

"मले वाटलं थंड राह्यलं त तुयं लौकर होईन," त्या म्हणाल्या. मग काठी भिंतीला टेकवून उभी केली, बकेट उचलली आणि एकेक पायरी बसत बसत, गुडघे सांभाळत खाली गेल्या.

भावना वर उभी राहिली ती पाय भाजेपर्यंत. मग खाली आली. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. खोलीत उकडत होतं, म्हणजे साधं उकडत नव्हतं, भाकरीच्या तव्याशेजारी बसल्यासारखं होत होतं. तिनं घटाघटा पाणी प्यायलं आणि सवयीनं खिडकीतल्या कूलरचं बटण दाबलं. कूलरमधून धुरळा आला आणि त्यामागून गरम वारा. तिनं पंपाचं बटण दाबलं. पंप कोरडा घरघरला. टाकीचं झाकण काढून पाहिलं तर तळाशी खारं पाणी आटून राहिलेला पांढरा थर होता, आणि गवताच्या ताट्या बोटानं मोडल्या.

रविवारी हाच कूलर दिवसभर चालला होता. ती त्याच्यासमोर झोपली होती.

मग तिला कळायला वेळ लागला नाही. नळाला पाणी पाच-सहा दिवसांआड. त्यातून पिण्याचं, सैपाकाचं, धुण्याभांड्याचं काढलं की उरतं ते कूलरचं. मे महिन्यात अकोल्यातला कूलर माणसापेक्षा जास्त पाणी पितो. आणि जाईबाईंचं ते पाणी रोज दुपारी दोन खेपांमध्ये जिना चढून वर जात होतं. रविवारपुरतं तेवढं त्या खाली राखून ठेवायच्या, कारण रविवारी लेक घरी असते.

"कूलर काहून बंद ठिवला?" भावनानं विचारलं. आवाज चढलेलाच होता, तो उतरेना.

"मले सवय हाय," जाईबाई भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या. "दवाखान्यात कुठी होता कूलर?"

"त्रेचाळीस अंश हाय बाहेर."

"मी काय पॅनल हाय का तापाले?"

भावनाला रडू आलं आणि रागही आला, आणि राग पुढं निघून गेला. ज्या बाईनं गावोगावच्या लोकांना उन्हाळ्यात मीठ-साखरेचं पाणी प्या म्हणून जन्मभर ओरडून सांगितलं, तिनं स्वतःच्या खोलीची भट्टी करावी आणि पाणी एका काचेच्या फळीला पाजावं? ती शेजारच्या सत्यभामाकाकूंकडून दोन घागरी पाणी मागून आणायला गेली. काकूंनी पाणी दिलं आणि वर एक वाक्यही दिलं, की तुझी माय आता वेडी होणार बाई, दुपारची गच्चीवर बसून कुणाशी तरी बोलते.

कूलर भरला. ताट्या भिजायला वेळ लागला. दोघी मायलेकी त्याच्यासमोर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावनानं पॅनलच्या एका तारेची जागा बदलून ती बारदानाखाली, स्लॅबवर चिकटवली. मग स्वतः बकेट वर नेली. जाईबाई वर यायला तयार नव्हत्या, पण जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून त्यांनी सूचना सोडल्या नाहीत असंही नाही. पिळून ठिव, नाई त पाणी वाया जाते. इतकं आत नोको सरकवू. रोज मधे एकडाव बदला लागते. भावना दात खाऊन ऐकत होती आणि प्रत्येक सूचना वहीत उतरवून घेत होती, कारण आता त्याच तिच्या खालच्या काठाच्या अटी होत्या.

संध्याकाळी तिनं लॅपटॉपवर सगळं पुन्हा मांडलं. आभाळ तेच. काचेचा आकडा तोच, पॉइंट पंच्याऐंशी, ज्यात खोट नव्हती. फक्त खाली, स्लॅबच्या जागी, ओलं बारदान. सकाळी उठून पाहिलं तर दोन्ही रेषा दिवसभर बरोबर चालत होत्या, आणि जेवणवेळेनंतर दोघी एकदमच खाली येत होत्या. मार्चपासूनचा एकही दिवस नासला नव्हता. नासलं होतं ते तिनं संगणकाला सांगितलेलं.

सरांना फोन करून तिनं सगळं सांगितलं. मग त्यांनी सुचवलं की हे आपण ठरवूनच केलं असं लिहू. आणि इंदूरचा गोषवारा मागं घ्यायची गरज नाही, रविवार परिणाम तर होताच, कारण तेवढं वेगळं. भावनानं फोन ठेवला आणि हात जोडले. समोर कुणी नव्हतं.

सेमिनारला नागपूरहून आलेल्या बाई कमी बोलणाऱ्या होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी पेन उलटं करून पडद्यावरच्या त्या दचकलेल्या रेषेवर टेकवलं. ही रेषा रविवार सोडून रोज दुपारी खाली का येते? फोनवरचं 'ठरवूनच केलं' विसरून सर चटकन म्हणाले, यंत्राचा दोष आहे मॅडम, दुरुस्त करू.

"यंत्राचा दोष नाही," भावना म्हणाली. "माझी आई आहे ती."

मग तिनं सगळं सांगितलं. वानरं, बारदानं, काठी, ताप, सगळं. हॉलमध्ये हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ऐकायला छान आहे, पण बारदानांखाली तार लावलेला दिवस तुमच्याकडे एकच आहे. बाकीच्या दिवसांचा खालचा काठ तुम्ही आठवणीनं सांगताय. पाऊस लागायच्या आत एक दिवस ओलं, एक दिवस कोरडं, असं करून दाखवा. वेळ तीच, बारदानं तीच, आणि टाकणारा हातही तोच हवा, तर मी मानीन. तेवढं झालं की प्रबंध द्या. नाही झालं तर पुढच्या उन्हाळ्यात भेटू.

म्हणजे सगळं आता जाईबाईंवर आलं, आणि जाईबाईंनी त्या बुधवारपासून गच्चीवर पाऊल ठेवलं नव्हतं. भावनानं व्हरांड्यातूनच फोन लावला.

"आई, पट्ट्या ठिवा लागतीन पॅनलले."

"म्या नाई जात बाप्पा वर. पुन्हा पाणी फिरलं त?"

ते भावनाला लागलं. लागायलाच हवं होतं. मी कावली होती, चुकून बोलली, असं तिनं सांगितलं. मग बाईंची अट समजावली. एक दिवस पट्ट्या, एक दिवस काही नाही, आणि हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही. 

"म्हणजे एक दिवस ताप येऊ द्याचा अन् एक दिवस उतरवाचा," जाईबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ड्यूटीवरचा झाला होता. "हे कोन्त्या डॉक्टरनं सांगतलं?"

"नागपूरच्या."

"मंग बरोबर असंन. उद्यापासून लावतो."

"पण आधी कूलर," भावना म्हणाली. "पाण्याचा टँकर सांगितला म्या चौकातल्याले, परवा येते. तोवर घागरी काकू देणार हायेत. कूलर चालू हाय का आता?"

"हाय ना."

"फोन ने त्याच्याजवळ. मले ऐकू दे."

जाईबाई कुरकुरल्या, पण चपलांचा आवाज आला, आणि मग पंख्याची घरघर कानात भरली. भावना डोळे मिटून ऐकत राहिली. घरघर होती. ताटीवरून पाणी गळल्याचा आवाज नव्हता.

"आई, पंप लाव."

"लावलेला हाय."

"आई."

फोनवर नुसता पंखा फिरत राहिला. मग बटण दाबल्याचा टक् आवाज झाला. पंप खोकला, थांबला, पुन्हा खोकला. शेवटी ताटीवरून पाण्याची धार टाकीत पडायला लागली, आणि भावनानं ती पुरती लागेपर्यंत फोन ठेवला नाही.